मीटरवर नाव कुणाचं?

लाईटबिल कुणी भरायचं, मालकानं की भाडेकरूनं? हा प्रश्न मी आमच्या अभ्यासवर्गात मांडला तेव्हा पोरं हसली. एक जण म्हणाला, "तू कविता करतोस ना? मग क्रांतीवर बोल. मीटरवर काय बोलतोस?" दुसरा म्हणाला, "हा चळवळीचा प्रश्न न्हाई. हा घरगुती प्रश्न आहे."

घरगुती म्हणून हसण्यावारी नेलेले सगळे प्रश्न शेवटी आपल्या बायामाणसांच्या आणि गरिबांच्याच मानगुटीवर बसतात. आपली अर्धी पोरं आज भाड्याच्या खोलीत राहतात. कुणी शिकायला आलाय, कुणी कामाला, कुणी गावातलं सगळं सोडून. मोर्च्यात घोषणा देऊन घरी परतल्यावर मालक दारात उभा राहतो आणि म्हणतो, "लाईटचे सहाशे." आणि आपण मुकाट्यानं सहाशे काढून देतो. सहाशेच का, हे विचारत नाही. ज्या माणसाला हे विचारता येत नाही तो कलेक्टरला काय विचारणार?

आधी माझं सांगतो. वय सव्वीस. इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत रिंगखात्यात साईड बघतो. शाळा दहावीला सुटली. पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानात, जयंतीच्या पुस्तकस्टॉलवर आणि सरकारनं छापलेल्या बाबासाहेबांच्या खंडांत झालं. आईबाप सोलापूर जिल्ह्यातले. ऊस तोडायला या भागात यायचे. मी फडातून गिरणीत आलो, एवढीच आमच्या घराची प्रगती.

राहतो एका लूमवाल्याच्या चाळीत. खाली लूमचा कारखाना, वर नऊ खोल्या. दिवसरात्र खालून खडखडाट. भिंतीला पाठ टेकली तरी पाठीत लूम चालतो. दहा बाय दहाची खोली, भाडं अडीच हजार. लाईटचे सहाशे वेगळे, पाण्याचे शंभर वेगळे. संडास दोन, नऊ खोल्यांत मिळून. कागद नाही, पावती नाही. पैसे द्यायचे, तो मोजणार, खिशात घालणार आणि जाणार.

ही खोली मिळायच्या आधी मी सात ठिकाणं फिरलो. पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की दुसरा प्रश्न गावाचा. गाव सांगितलं की, "कालच दिली हो एकाला." दोन ठिकाणी तर खोलीला कुलूप नव्हतं, आत जाळी लागली होती, तरी ती 'कालच दिलेली' होती. या मालकानं आडनाव ऐकलं, जरा थांबला आणि म्हणाला, "आमी तसलं काय मानत न्हाई. राहा." हे चांगलंच केलं त्यानं. पण पुढं मी काहीही विचारलं की तो हेच वाक्य काढायचा. "बाबा, बाकीची देत न्हाईत, मी दिली. आता हिशेब इचारतोस?" दोस्तहो, इथं नीट बघा. माझा जो हक्क होता, पैसे देऊन खोली घ्यायचा, तो त्यानं उपकार केला. आणि उपकारावर बिल दाखवावं लागत नाही.

सुरुवात दिव्यापासून झाली. मी दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेअकराला येतो. भाकरी खातो आणि दोनपर्यंत वाचतो, लिहितो. लोक झोपलेले असतात, माझ्या खोलीत दिवा असतो. मालकाच्या कानावर गेलं. पहिल्या तारखेला म्हणाला, "तुझं पन्नास जादा. रात्रभर लाईट जाळतोस."

मी त्याला काही बोललो नाही. वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. दिवा नऊ वॅटचा. रोज पाच तास धरले तर पंचेचाळीस वॅट-तास. तीस दिवसांचे साडेतेराशे. हजाराला एक युनिट. म्हणजे माझं सगळं वाचन, सगळ्या कविता, सगळे खंड मिळून महिन्याला १.३५ युनिट. त्याचे पन्नास रुपये? अंगावर काटा आला. पैशासाठी नाही. शिकणाऱ्याच्या दिव्यावर दंड, म्हणून.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी बडोद्याची हकीकत लिहून ठेवलीय. १९१७ साली परदेशातून शिकून नोकरीसाठी बडोद्याला आलेला हा माणूस. कुठं खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी सराईत उतरले. रोजचा दीड रुपया, जेवणासकट. वरच्या मोठ्या दालनात एकटे. तिथं विजेचा दिवा नव्हता. राखणदार एक छोटा कंदील आणून द्यायचा आणि त्याचा उजेड काही इंचांपलीकडं जात नव्हता, तेवढ्यात ते वाचत बसायचे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि बाहेर काढलं. त्या माणसानं पैसे दिले नव्हते का? दिले होते. भाडं भरल्यानं जागा आपली होत नाही आणि उजेडही आपला होत नाही, हे तिथून चालत आलंय. म्हणून मला हा प्रश्न घरगुती वाटत नाही.

पुढच्या महिन्यात महावितरणचं बिल वाटणारा पोरगा आला. मी जिन्यातच होतो. बिल माझ्या हातात पडलं. मी ते उतरवून घेतलं आणि मालकाला नेऊन दिलं. ३८० युनिट, रक्कम ४,६८०. नऊ खोल्यांचे सहाशेप्रमाणे होतात ५,४००. वरचे ७२० मालकाचे. महिन्याला. माझे पन्नास सोडून.

पण खरी गोम पुढं आहे, आणि ती आपल्या पोरांनी समजून घेतली पाहिजे. घरगुती विजेचा दर एकच नसतो. टप्पे असतात. शंभर युनिटपर्यंत सगळ्यात स्वस्त. मग १०१ ते ३००. मग ३०१ ते ५००. त्यापुढं आणखी. दर दर वर्षी बदलतात, पण ढोबळमानानं पहिल्या टप्प्याला एक माप धरलं तर दुसऱ्याला जवळपास दोन मापं पडतात, तिसऱ्याला अडीचच्या आसपास. हे टप्पे कशासाठी? गरिबाला स्वस्त पडावी, ज्याच्याकडं एसी आहे त्यानं जादा द्यावं, यासाठी. आता नऊ गरिबांना एका मीटरला बांधा. प्रत्येक जण तीस-चाळीस युनिटवाला. एकटा असता तर पहिल्या टप्प्यातच बसला असता. पण मीटरला नऊ माणसं दिसत नाहीत. त्याला एकच माणूस दिसतो आणि तो ३८० युनिट जाळणारा बंगलेवाला असतो. सरकारनं गरिबाला दिलेली सवलत चाळीच्या जिन्यातच मरते. आणि खाली मालकाच्या लूमला वेगळं मीटर आहे, यंत्रमागाला वीजदरात सवलत आहे. यंत्राला सवलत मिळते, माणसाला मिळत नाही.

मी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. आले सहा खोल्यांतले. आता तुम्हाला वाटेल, मी हिशेब सांगितला आणि सगळे पेटून उठले. तसं काही झालं नाही. बिहारची चार पोरं म्हणाली, "भैया, हमको लफडा नहीं चाहिए. निकाल देगा तो कहाँ जाएँगे?" त्यांच्याकडं इथला एकही कागद नाही. एक म्हणाला, "सहाशेत सगळं मिटतंय न्हवं? डोक्याला ताप कशाला?" हा फ्रीजवाला होता. नऊ खोल्यांत फ्रीज दोनच.

तेव्हा आक्का बोलली. आक्का कांड्या भरायला जाते. नवरा वारला, पोरगी सासरी, एकटी राहते. एक दिवा, एक जुना पंखा, तो पण उन्हाळ्यात. ती म्हणाली, "माझ्या बी सहाशे, तुझ्या बी सहाशे. तुझ्या फ्रीजातलं थंडगार पाणी मी कवा पिलं का रं?"

गच्चीवर शांतता पसरली. मालकाच्या ७२० वर आम्ही बोलत होतो, पण आक्काचे पैसे फक्त मालक खात नव्हता. आम्हीही खात होतो. समान वाटणी म्हटलं की न्याय वाटतो. सगळ्यांना सहाशे, किती समान! पण जिथं वापर समान नाही तिथं समान वाटणी म्हणजे खालच्यानं वरच्याचं भरायचं.

मला १९२८ चा मुंबईतला गिरणी संप आठवला. तेव्हाच्या गिरण्यांत साळखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्याचं सूत तोंडानं ओढून काढावं लागायचं, तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला जायचा. विटाळ! पगार साळखात्यात जास्त, आणि आपली माणसं कमी पगाराच्या रिंगखात्यात. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या काळात पुढं केला. तो मालकाला जेवढा होता तेवढाच सोबतच्या कामगारालाही होता. मालकाशी भांडताना आपल्यातला अन्याय झाकून ठेवायचा नाही, हे मी तिथून शिकलो. मी आज रिंगखात्यात आहे ते विटाळामुळं नाही. पण गच्चीवर आक्का जे बोलली ते त्याच जातीचं बोलणं होतं.

ठरलं की प्रत्येक खोलीला स्वतःच्या खर्चानं सब-मीटर बसवायचं. वायरमन आपलाच पोरगा होता, त्यानं मजुरी घेतली नाही. एक महिना वाचन घेतलं. योगायोगानं त्या महिन्याचं बिलही तेवढंच आलं, ३८० युनिट, ४,६८०. युनिटमागं बारा रुपये तीस पैसे पडले. माझे युनिट तीस, म्हणजे ३६९ रुपये. आक्काचे चौदा, १७२ रुपये. फ्रीजवाल्यांचे बहात्तर-बहात्तर, प्रत्येकी ८८६. सगळ्या खोल्यांची बेरीज ३४८. उरले ३२ युनिट. ते कुणाचे? पाण्याच्या पंपाचे आणि जिन्यातल्या, संडासातल्या दिव्यांचे.

आक्कानं १७२ ऐकलं आणि दोनदा विचारलं, "म्हंजे उरल्यालं माझं?" वर्षाचे पाच हजाराच्या वर जातात दोस्तहो. कांड्या भरणाऱ्या बाईचे.

पण दुसऱ्या बाजूला ८८६ होते. दोन फ्रीजवाल्यांपैकी एक आपला माणूस. माझ्याच पाळीत डॉफिंगला. आम्ही त्याला दादा म्हणतो. जयंतीच्या वर्गणीला सगळ्यात पुढं. तो गच्चीवर तावातावानं बोलला नाही. रात्री खोलीवर आला आणि म्हणाला, "आईला साखर हाय. इन्सुलिन ठेवाय लागतं. फ्रीज काय मी बियरसाठी घेतला न्हाई. तीनशे रुपयं जादा कुठनं आणू?" याला मी काय सांगणार? 'ज्यानं वापरलं त्यानं भरावं' हे तत्त्व बरोबर आहे, पण त्या रात्री ते माझ्यासमोर आजारी म्हातारी घेऊन बसलं होतं.

आम्ही दोघांनी पुन्हा हिशेब केला. आणि उत्तर त्याच टप्प्यांत सापडलं. दादाच्या खोलीला स्वतःचं, कंपनीचं मीटर लागलं तर बहात्तर युनिट पूर्ण पहिल्या टप्प्यात बसतात. महिन्याचा स्थिर आकार आणि विजेवरचा कर धरून साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे आधीच्या सहाशेच्या जवळच. आणि दोन्ही फ्रीजच्या खोल्या सामाईक मीटरवरून उतरल्या की राहतात २३६ युनिट. तिसरा टप्पा लागतच नाही. म्हणजे राहिलेल्यांचा दरही उतरतो. भांडण आपल्यात नव्हतंच. एका मीटरनं ते आपल्यात लावून दिलं होतं.

हे सगळं घेऊन आम्ही पाच जण मालकाकडं गेलो. मागण्या चार. महिन्याचं बिल जिन्यात चिकटवा. ज्याचे जेवढे युनिट तेवढेच पैसे, वर एक रुपया नाही. जिन्याचे, संडासाचे दिवे आणि पंप तुमच्याकडं. आणि ज्याला स्वतःचं मीटर घ्यायचंय त्याला घेऊ द्या.

मालक काही सरंजामदार नाही. बापानं चार सेकंडहँड लूम टाकून धंदा सुरू केला, यानं वाढवला. मंदीत त्याचेही लूम बंद पडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तो म्हणाला, "पंप तुमाला पाणी चढवाय चालतो, माझ्या लूमला न्हाई. मग मी का भरू?" प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तरही रास्त दिलं. आम्ही नुसती चार भिंती भाड्यानं घेतलेली नाहीत. नळाला पाणी येतं अशी खोली घेतलीय. पाणी नळापर्यंत आणणं हे खोलीतच आलं. तो खर्च भाड्यात धरायचा असेल तर धरा, पण लिहून, करारात, वर्षातून एकदा. दर महिन्याला तोंडी वाढवायचा नाही. पाणीपट्टी मालमत्तेवर असते, मालमत्ता तुमची. टँकर मागवावा लागला तर माणशी आम्ही देऊ, कारण ते आम्ही वापरलं.

तो म्हणाला, "बघू." दुसऱ्या दिवशी रात्री वरच्या मजल्याचा मेनस्विच बंद. विचारलं तर, "फॉल्ट हाय." खाली लूम चालू. दोन रात्री आम्ही अंधारात काढल्या. दादाच्या आईचं इन्सुलिन गिरणीच्या बर्फाच्या थर्मासात. बिहारची पोरं माझ्याकडं बघेनात. एका खोलीतून आवाज आला, "घ्या आता क्रांती."

इथं कायद्याचं सांगतो, कारण ते आपल्याला कुणी सांगत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याचं कलम २९. रास्त कारणाशिवाय मालकाला भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही. अत्यावश्यक म्हणजे काय तेही तिथंच लिहिलंय. पाणी, वीज, जाण्यायेण्याच्या वाटेवरचे आणि जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई. तोडली तर कोर्टात अर्ज करता येतो, आणि तोडणाऱ्याला कैदेचीही तरतूद आहे. कलम ५५ म्हणतं, भाड्याचा करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्यानं तो केला नाही तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे कागद नाही म्हणून आपण घाबरत होतो. घाबरायचं त्यानं होतं.

विजेचा कायदा २००३ चा. त्याच्या कलम ४३ मध्ये वीज कंपनीनं कुणाच्या अर्जावर वीज द्यायची? जागेचा मालक 'किंवा' तिथं राहणारा. त्या 'किंवा' वर माझी नजर अडकली. कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांपुढं मी होतो तर! आणि २०२२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वीज ही मूलभूत गरज आहे, मालक ना हरकत दाखला देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. दिल्लीत तर २०१९ पासून भाडेकरूला मालकाच्या संमतीशिवाय प्रीपेड मीटर द्यायची योजना निघाली.

हे सगळं कागदावर होतंच. कागदावर असणं आणि हातात असणं यात किती अंतर असतं ते महाडनं दाखवलंय. सार्वजनिक पाणवठे खुले करायचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तळं कागदावर तीन वर्षं खुलं होतं आणि एकाही अस्पृश्याची ओंजळ भरली नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पायऱ्या उतरले तेव्हा ती भरली. पुढं कोर्टकज्जे चालले, हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. आमची दोन रात्रींची वीज आणि महाड यांची बरोबरी करायचा आचरटपणा मी करत नाही. पण रीत तीच आहे. कलम वाचून भिंतीवर टांगायचं नसतं. पायऱ्या उतरायच्या असतात.

आम्ही कलम २९ आणि ५५ चा उल्लेख करून पाच सह्यांचं पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवलं. त्याची झेरॉक्स मालकाच्या हातात आधीच दिली. आक्कानं अंगठा न देता सही केली, तीन अक्षरांची, अर्धा मिनिट लागला. तिसऱ्या दिवशी 'फॉल्ट' निघाला.

आज स्थिती अशी आहे. बिल जिन्यात चिकटतं. सब-मीटरप्रमाणे पैसे घेतले जातात. जिन्याचा आणि संडासाचा दिवा मालकानं घेतला. पंपाचं भांडण चालू आहे. दोन खोल्यांचा अकरा महिन्यांचा करार रजिस्टर झाला, त्यात दादाची एक. गेल्या महिन्यात त्याच्या दारावर मीटर लागलं. बिहारची पोरं अजून भीतात, पण पैसे मोजून देतात आणि बिल वाचून घेतात. माझा अर्ज अडकलाय. कंपनीला मी तिथं राहतो याचा पुरावा पाहिजे. करार नाही. राहण्याचा दुसरा पुरावा म्हणून काय चालतं? लाईटबिल. म्हणजे मीटरसाठी पुरावा पाहिजे आणि पुराव्यासाठी मीटर पाहिजे. या चक्रात आपली माणसं पिढ्या घालवतात.

माझं मीटर झालं तर पैशात मला फारसं काही मिळणार नाही. तीस युनिटवाल्याचा पहिल्या टप्प्याचा फायदा स्थिर आकारच खाऊन टाकतो. दहावीस रुपये वाचले तर वाचले. आक्काला तर वेगळं मीटर महागच पडेल, तिनं सब-मीटरवरच राहावं. मग मी का धडपडतोय?

कारण नाव. पाच वर्षं मी या शहराला कापडाचं सूत देतोय. पाच वर्षं लाईटचे पैसे भरतोय. आणि माझ्या पैशाच्या प्रत्येक पावतीवर दुसऱ्याचं नाव आहे. या नावावरच रेशनकार्ड हलतं, मतदारयादी हलते, बँकेचं खातं उघडतं. पैसे भरणारा मी आणि राहणारा तो, असं सरकारी दप्तर म्हणतं. आपल्या जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. माझ्या आजोबाचा तो पुरावा शोधायला बापानं तीन वर्षं तहसील झिजवलं. आजोबा गावातच राहत होता, गावचीच कामं करत होता, मेलेली ढोरं तोच ओढत होता. पण कागद त्याला राहणारा म्हणत नव्हता. उद्या माझा नातू या शहरात माझा पुरावा शोधेल. त्याला निदान एक लाईटबिल सापडावं.

मालक म्हणतो, "नाव लावलं की खोली बळकावशील." विजेच्या जोडणीनं मालकी मिळत नाही, हे त्यालाही माहीत आहे. मला त्याची भिंत नको. मी जो उजेड विकत घेतो त्यावर माझं नाव पाहिजे, इतकंच.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. वीज आणि पाटबंधारेही त्याच खात्याकडं होते. १९४३ साली विजेच्या धोरणाचा विचार करणाऱ्या समितीपुढं त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक पाहिजे असा आग्रह धरला. गरिबीतून सुटायचं तर उद्योग पाहिजेत आणि उद्योगाला वीज पाहिजे, असा तो विचार होता. ज्या माणसानं मजुरांचं आणि विजेचं खातं एका हातानं चालवलं, त्याच्या पोरांनी मीटरला घरगुती प्रश्न म्हणून हसू नये.

तर मालकानं भरायचं की भाडेकरूनं? माझं उत्तर हे. खोलीच्या आत जे जळतं ते भाडेकरूनं भरावं, पूर्ण भरावं, एक युनिट बुडवू नये. फुकटाची मागणी आपण करत नाही. पण ते ज्या दरानं येतं त्याच दरानं, बिल डोळ्यांनी बघून. जिना, संडास, पंप, जुनी वायरिंग, गळकी टाकी हे मालकाचं, आणि त्याला ते भाड्यात घालायचं असेल तर कागदावर घालावं. मालकाला खोलीचं भाडं कमवायचा हक्क आहे, विजेवर नफा कमवायचा नाही. आणि मेनस्विच हा कुणाच्याच हातातला चाबूक नाही.

पोरांनो, पुढच्या रविवारी वर्गाला येताना तुम्ही राहता तिथलं एक लाईटबिल घेऊन या. मिळत नसेल तर मीटरचं वाचन लिहून आणा, पहिल्या तारखेचं आणि शेवटच्या. ज्याच्या चाळीत आक्कासारखी कुणी आहे त्यानं तिचे युनिट आधी मोजा. हिशेब मी शिकवतो, गुणाकार-भागाकाराच्या पुढं त्यात काही नाही. पत्राचा मसुदा माझ्याकडं तयार आहे, फक्त नावं आणि पत्ते घालायचेत.